शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराला 'वैद्याचा वाडा' का म्हणतात? जुनी घरं आणि त्यांचे मालक

जुनंदार | ३ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय तेव्हा शुद्धलेखनाचं तेवढं सांभाळून घ्या.

आमचं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, जैन मठाकडून आत आलं की बोळात डाव्या हाताला. आजोबांनी १९५१ ला खरेदी केलं. आम्ही वैद्य नाही, घरात कुणी डॉक्टर पण नाही, मी इन्शुरन्सचं काम करतो. पण आजपण गॅसवाला, पोस्टमन, गणपतीची वर्गणी मागणारी पोरं सगळे 'वैद्याचा वाडा' म्हणूनच ओळखतात. आजोबांना विचारायचं राहून गेलं, बाबा म्हणतात आम्ही आलो तेव्हापासून हेच नाव हाय, कोण वैद्य कुणाला ठाऊक.

आता विषय का निघाला सांगतो. पावसाआधी कौलं चाळायला मिस्त्री बोलावला, तर माडीखालच्या चार खांबांपैकी एकाचा हस्त (तुळईखालचा लाकडी टेकू) वाळवीनं पार भुगा झालाय. मग बाकीच्या तिघांचा ऑइलपेंट खरवडून काढला. हिरवा, त्याखाली गुलाबी, त्याखाली आकाशी, आणि त्याच्याखाली असलं कोरीवकाम निघालं की मिस्त्री बिडी खाली टाकून बघत बसला. पण गंमत अशी की तिन्ही वेगवेगळे. एकाला पोपट, एकाला केळफूल, एकाला घोड्याचं तोंड. मी जेवढे वाडे बघितलेत तिथं सगळे हस्त एकसारखे असतात. आणि आमचं घर काय मोठं नाही वो, सगळं मिळून दीड गुंठा पण भरत नाही. पुढं सोपा (ओसरी), मागं माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, परडं, वर माडी. एवढंच. पण पुढचा सोपा उगाच उंच आणि दार एवढं रुंद की बैलगाडी आत यावी.

अजून एक. उतरवलेल्या कौलाच्या पालथ्या बाजूला इंग्रजीत १८६५ असा आकडा आहे. म्हणजे घर १८६५ चं धरायचं का? आणि मूळ मालक कोण ते शोधायचं कुठं?

भावा_पेठेतला | ३ जून, रात्री १०:३१

१८६५??? नादखुळा! भावा हेरिटेज झालं की तुझं घर. आता रंग पण विचारून लावायला लागणार बघ 😂

तळखडा | ३ जून, रात्री ११:०५

थांबा थांबा, कौलावरनं घराचं वय काढू नका, ही चूक मीपण कॉलेजात असताना केलीय. १८६५ म्हणजे मंगलोरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाला ते साल. ते साच्यातच होतं, त्यामुळं पुढं कित्येक वर्षं निघालेल्या कौलावर तोच आकडा. डब्यावर कंपनी कधी सुरू झाली ते छापतात तसलं. कोल्हापुरात मंगलोरी कौलं स्वस्तात यायला लागली ती रेल्वे आल्यावर असणार, मिरज-कोल्हापूर लाईन १८९१ ची. त्याआधी इथं नळीची कौलं, म्हणजे कुंभारानं चाकावर फिरवून केलेली ती खापरं. तुमच्या छपराचा उतार बघा, जुन्या नळीच्या छपरावर नंतर मंगलोरी चढवली असली तर वासे दोन प्रकारचे दिसतील, गोल जुने आणि करवतीनं कापलेले चौकोनी नवे.

वय काढायचं तर अजून बघा: कुठं लोखंडी तुळई आहे का, असली तर तिच्यावर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. डॉर्मन लाँग लिहिलेल्या विलायती तुळया आपल्याकडं लई सापडतात. टाटाचं नाव असलं तर १९१२ नंतरचं, त्याआधी त्यांचं पोलाद निघतच नव्हतं. भिंत कशाची? जोत्यावर काळा दगड आणि वर पांढरी माती असली तर जुनं, भाजकी वीट आणि चुना असला तर थोडं अलीकडचं (हे ढोबळ हं, माझ्या स्वतःच्या आजोळी एका भिंतीत तिन्ही आहेत).

आणि कृपा करून ते हस्त पॉलिश-बिलिश करू नका, नुसतं जवसाचं तेल लावा.

घरफाळा | ४ जून, सकाळी ६:४८

मी रेकॉर्डच्या कामात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. मालक शोधायचा तर पायरी पायरीनं जावा.

आधी सिटी सर्व्हे ऑफिसातनं प्रॉपर्टी कार्डाचा उतारा. शुक्रवार पेठ म्हणजे डी वॉर्ड. आपल्याकडं ए, बी, सी, डी, ई असे वॉर्ड आणि त्यापुढं नंबर, ए शिवाजी पेठेकडं, ई म्हणजे शाहूपुरी राजारामपुरीकडचा. कार्डात सगळ्यात वरचं नाव हे सर्व्हे झाला त्या वेळच्या धारकाचं असतं. घर बांधणाऱ्याचं असेलच असं नाही, हे लोक विसरतात. कार्डासोबत चौकशी नोंदवहीचा उतारा मागा, त्यात धारकानं आपल्याकडं मिळकत कशी आली ते सांगितलेलं असतं, वडिलार्जित, खरेदी, बक्षीस वगैरे.

दुसरं, घरफाळ्याची (घरपट्टीची) पावती म्हणजे मालकी नव्हे. माझं टोपणनाव बघून हसू नका, आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो. पावतीवर भाडेकरूचं नाव पण असू शकतं, कुळाचं असू शकतं, मेलेल्या आज्जीचं तर हमखास असतं.

तिसरं, आजोबांचं खरेदीपत्र काढा. त्यात विकणाऱ्यानं मागचा इतिहास एक-दोन ओळीत दिलेला असतो. शक दिला असला तर ७८ मिळवा म्हणजे इसवी सन येईल.

पुणेरी_कोल्हापूरकर | ४ जून, दुपारी १:२०

काय विषय काढलात हो, ऑफिसात बसून डोळ्यात पाणी आलं. आमचं घर भाऊसिंगजी रोडला होतं, १९९४ ला पाडलं. त्या चौकातला गारवा, दिंडी दरवाजाच्या मोठ्या कडीचा आवाज, आज्जीचं पापड वाळत घालणं. आता तिथं मोबाईलची तीन दुकानं आहेत. बाकी हा भाऊसिंगजी कोण ते शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, मला वाटायचं कुणी पैलवान असणार. नंतर कळलं की भावनगरचे महाराज, शाहू महाराजांचे शिकतानाचे दोस्त.

परड्यातली_जाई | ४ जून, दुपारी ४:०२

पुण्याला बसून गारवा आठवतो, पण पहाटे पाच वाजता सामायिक नळाला घागरींची रांग लावायला कोण जायचं ते पण आठवा की. मी नांदायला आले ते घर म्हणजे एका चौकात सहा बिऱ्हाडं, संडास परड्याच्या टोकाला, पावसात पोत्याची खोळ घेऊन जायचं. माजघरात भर दुपारी कंदील लागायचा. बाळंतिणीला त्याच अंधारात ठेवायची. वाडा छान दिसतो तो फोटोत आणि ज्याच्या वाटणीला पुढचा सोपा आला त्याला.

असो. जुनंदार, तुमचं घर मला ठाऊक आहे बहुतेक. माझं माहेर तिथंच पलीकडच्या बोळात. तुमच्या त्या उंच सोप्यात वैद्य बसायचे. पांढरं धोतर, काळी टोपी, समोर खलबत्ता. मी पाच-सहा वर्षांची असेन, खोकला झाला की आई घेऊन जायची, कसली तरी काळी गोळी मधातनं चाटवायचे आणि वर एक खडीसाखरेचा खडा. त्या खड्यासाठी आम्ही खोटं खोकायचो.

जुनंदार | ४ जून, रात्री ९:१५

मावशी!! म्हणजे वैद्य खरंच होते. मग मालक तेच की हो, प्रश्न सुटला म्हणायचा.

परड्यातली_जाई | ४ जून, रात्री ९:४०

नाही बाळा, तिथंच तर गडबड आहे. ते भाड्यानं होते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक माणूस छत्री घेऊन भाडं न्यायला यायचा, त्याला आम्ही छत्रीवाला म्हणायचो. वैद्यांनी तुमच्या आजोबांच्या आधीच घर सोडलं, मुलाकडं गेले बेळगावला असं आई सांगायची.

भावा_पेठेतला | ४ जून, रात्री ९:५८

म्हणजे भाडेकरूचं नाव घराला आणि मालक गायब. आमच्या गल्लीत पण असंच हाय, 'गिरणीचा वाडा' म्हणतात, गिरणी बंद होऊन तीस वर्षं झाली, आता आत ब्युटी पार्लर हाय.

घरफाळा | ५ जून, सकाळी ६:३०

पेठेत ही पद्धतच आहे. घराचं नाव पडतं ते दारात कोण बसायचं त्यावरनं, कागदावर कोण आहे त्यावरनं नाही. कागदावरचा मालक गल्लीनं कधी बघितलेला नसतो.

याला अपवाद सरदारांचे वाडे. संस्थानात बावडा, विशाळगड, इचलकरंजी, कापशी, कागलची दोन घराणी, तोरगल, हिंमतबहादूर, सरलष्कर असे नऊ मोठे जहागीरदार होते, आपापल्या जहागिरीत गढी-वाडा असायचाच पण राजधानीत दरबारासाठी यायला लागायचं म्हणून इथंपण जागा. त्या जागांना घराण्याचं नाव चिकटलं ते कायमचं. बाकी सगळे आपण साधी माणसं, आपल्या घराला वैद्य नाहीतर गिरणी.

पुणेरी_कोल्हापूरकर | ५ जून, दुपारी १२:४५

मला वाटतं कोल्हापूरच्या घरांवर लिहायचं तर नव्या राजवाड्यापासूनच सुरुवात करायला पाहिजे. १८७७ ते १८८४ बांधकाम, नकाशा मेजर मँटचा. टाऊन हॉल पण त्याचाच, १८७२ ते ७६. तिथनंच मग पेठेतल्या सावकार लोकांनी पुढच्या भिंतीला टोकदार कमानी आणि रंगीत काचा लावायला सुरुवात केली असणार. आत शेणानं सारवलेलं आणि बाहेर विलायत. नंतर राजारामपुरीत तर बंगलेच, पुढं व्हरांडा, बिडाचा नक्षीचा कठडा, वर सिमेंटमध्ये साल.

तळखडा | ५ जून, दुपारी २:३०

मँटसाहेबानं नकाशा काढला हे सगळे सांगतात, दगड कुणी घडवला आणि लाकूड कुणी रंधलं ते कुठं लिहिलेलं नसतं. एवढी मोठी कामं सात-आठ वर्षं चालली म्हणजे पाथरवट आणि सुतारांची एक पिढी त्यावर तयार झाली असणार, आणि ते हात नंतर पेठेतच घरं बांधत फिरले असणार. हे माझं अनुमान हं, पण महाद्वार रोडच्या मागच्या बाजूच्या बोळात वर बघत फिरा, छज्ज्याच्या टेकूंवर काय काय सापडतं बघा. खाली बघून चालतो आपण, काय करणार, रस्ते तसले आहेत.

जुनंदार, तुमच्या घराचं मला एक खटकतंय. जागा दीड गुंठ्याच्या आत आणि लाकूडकाम असलं. ज्याच्याकडं पैसा असतो तो आधी जागा मोठी घेतो, चौक काढतो, मग कोरीवकामाला हात घालतो. इथं उलटंच. उंच सोपा आणि रुंद दार म्हणजे पागा असेल का? घोड्याचं तोंड पण आहेच. एखाद्या शिलेदाराचं घर असावं असा माझा अंदाज.

भावा_पेठेतला | ५ जून, दुपारी ३:११

शिलेदार आणि पोपट? 😂 सावकाराचं असणार. छत्रीवाला भाडं गोळा करायचा म्हणजे सावकाराचा दिवाणजीच.

पण मी खरं बोलू का, राग मानू नका. एवढं सगळं शोधून करायचं काय? २०१९ ला तुमच्या बोळात पाणी किती होतं ते मला माहिती हाय, २०२१ ला परत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट म्हणजे धोका पातळी, त्या दोन्ही वेळी ५५ च्या वर गेलं. पांढऱ्या मातीची भिंत आठ दिवस पाण्यात उभी राहिली की तिचा चिखल होतो. बिल्डरला द्यावा, वर फ्लॅट घ्यावा, खाली पार्किंग. आमच्यात पण तसंच ठरलंय, फक्त सातबारासारखी लांबलचक यादी हाय वारसांची, एकवीस सह्या पाहिजेत, सतरा झाल्यात. एक चुलतभाऊ दुबईला, एक आत्या बोलत नाही.

तळखडा | ५ जून, दुपारी ४:५०

मातीची भिंत पाण्यानं पडते हे अर्धं खरं आहे. लई घरं पुरानंतर पडली ती बाहेरनं सिमेंटचा गिलावा मारलेली. सिमेंट श्वास घेऊ देत नाही, आत शिरलेली ओल आतच राहते आणि भिंत आतनं सुटते. चुन्याचा गिलावा असला तर पाणी उतरल्यावर भिंत हळूहळू वाळते. दगडी जोतं जेवढं उंच तेवढं बरं, जुन्या लोकांनी घाटाकडच्या घरांची जोती अशीच चढवली नव्हती. माझ्या बघण्यात दोन घरं आहेत, दोन्ही पुरात पाण्यात उभी होती, आजपण उभी आहेत. शेजारचं १९८५ चं सिमेंटचं तडकलंय.

एकवीस सह्यांवर मात्र माझ्याकडं उपाय नाही.

पुणेरी_कोल्हापूरकर | ५ जून, रात्री ८:२५

लाकडाचं दुखणं वेगळंच. पॅलेस थिएटर आठवा, १९१५ चं, खासबागेला लागून. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. मी व्हिडिओ कॉलवर बघत होतो, वडील रस्त्यावर उभे राहून दाखवत होते, आणि मागं माणसं नुसती रडत होती.

परड्यातली_जाई | ५ जून, रात्री ९:०५

आगीचं निघालं म्हणून सांगते, पेठेतल्या बऱ्याच घरांचे मालक बदलले ते ४८ नंतर. गांधीजी गेले आणि इथं जाळपोळ झाली, भालजी पेंढारकरांचा सिनेमाचा स्टुडिओसुद्धा सोडला नाही. आमच्या समोरचं घर जळालं, ती माणसं आम्ही परत बघितली नाहीत. त्यांची मुलगी माझ्याबरोबर सागरगोटे खेळायची. एवढंच लिहिते.

संपादक मंडळ | ५ जून, रात्री ९:३०

४८ च्या विषयावर आधीचे दोन धागे कुलूपबंद करावे लागले होते. जाईताईंनी लिहिलंय तेवढ्यावर थांबू या. भाऊसिंगजी रोड आणि पॅलेस थिएटरसाठी वेगळे धागे काढावेत. इथं घरं आणि घरमालक.

जुनंदार | २७ जुलै, रात्री ११:४०

मंडळी, दीड महिना गायब होतो, माफ करा. मधे पाऊस, बंधाऱ्याचे आकडे बघत बसणं, सामान माडीवर चढवणं हेच चाललं होतं. इशारा पातळी ३९ ला टेकलं आणि उतरलं, वाचलो.

घरफाळा काकांनी सांगितलं तसं सगळं केलं. चार हेलपाटे झाले, एकदा साहेब नव्हते, एकदा झेरॉक्सवाला नव्हता, एकदा माझंच आधार घरी राहिलं. कार्डावर सगळ्यात वरचं नाव एका गृहस्थाचं, राहणार दुसऱ्याच तालुक्यातले. आजोबांचं खरेदीपत्र त्याच घराण्याच्या वारसांनी करून दिलेलं. त्यात ओळ आहे की ही मिळकत आमच्या वडिलांकडं गहाणातून कायम झाली. म्हणजे भावा, तू बरोबर, सावकारच. छत्रीवाला त्यांचाच.

पण गहाण कुणी टाकली होती त्याचं नाव नाही! तिथंच दोरी तुटली. वैद्य तर कागदावर कुठंच नाहीत, एका ओळीत पण नाहीत.

अजून एक बारीक गोष्ट, फोटो टाकलाय. सोप्याच्या कडेला जी लाकडाची जाड पाटली आहे तिच्यावर सारख्या अंतरावर बारीक खाचा आहेत. आधी वाटलं पोरांनी चाकूनं केल्यात, पण फारच सारख्या आहेत.

घरफाळा | २८ जुलै, सकाळी ६:२०

तुमच्या कागदात नाव नाही ना, मग शेजाऱ्याचे कागद बघा. प्रत्येक जुन्या खरेदीपत्रात चतुःसीमा असते, पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण. शेजाऱ्यानं तुमच्या घराआधी कधी व्यवहार केला असला तर त्याच्या चतुःसीमेत तुमच्या घराचा त्या वेळचा मालक आपोआप नोंदलेला असणार. मी नोकरीत असताना असे किती मालक शेजाऱ्याच्या कागदातनं बाहेर काढलेत. माणूस स्वतःबद्दल खोटं लिहितो, शेजाऱ्याबद्दल लिहिताना त्याला काही पडलेलं नसतं म्हणून खरं लिहितो.

संस्थानी काळातला कागद असला तर मोडीत असणार, तेवढी तयारी ठेवा.

बोळातली | २८ जुलै, दुपारी ११:५०

मी पहिल्यांदाच लिहितेय. फोटो बघून हसायला आलं, कारण ती पाटली मी रोज गच्चीवरनं बघते 🙂 जुनंदार, मी तुमच्या पूर्वेकडची. माझ्या सासऱ्यांकडं पत्र्याच्या ट्रंकेत जुने कागद आहेत, त्यातला एक संस्थानच्या स्टॅम्पावर, मोडीत, आम्हाला कुणालाच वाचता येत नाही. सासरे म्हणतात कागद घराबाहेर जाणार नाही, पण तुम्ही वाचणाऱ्याला घेऊन चहाला या.

भावा_पेठेतला | २८ जुलै, दुपारी १२:१५

दोघं शेजारी आणि भेट झाली ती इंटरनेटवर. काटा किर्रर्र!

जुनंदार | ११ ऑगस्ट, रात्री १०:०५

झालं. सांगतो सविस्तर.

मोडी वाचणारे एक सर मिळाले, पानाला दोनशे घेतात, आमच्याकडनं चहा आणि भडंगावर भागवलं. वहिनींच्या सासऱ्यांनी ट्रंक उघडली, हात पुसून कागद स्वतःच धरला, सरांना हात लावू दिला नाही. शके १८३१, म्हणजे १९०९. सर एकेक ओळ सावकाश वाचत होते, चतुःसीमेवर आले, पूर्वेस सरकारी बोळ, उत्तरेस अमुक, आणि पश्चिमेस, हे आमचं घर, 'पश्चिमेस फलाणे सुतार यांचे राहते घर व सुतारमेट'.

सुतारमेट, म्हणजे सुतारकामाचा कारखाना! सुताराचं नाव इथं लिहीत नाही, वंशज कुठंतरी असतील आणि त्यांना विचारलेलं नाही. पण सर वाचत असताना मी आणि वहिनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघांच्या डोक्यात एकदमच पडलं. उंच सोपा आणि बैलगाडीएवढं दार, ओंडके आत घ्यायला. जागा लहान आणि लाकूडकाम राजवाड्याचं, कारण मजुरी घरचीच.

आणि हस्त वेगवेगळे का? गिऱ्हाईक आलं की दाखवायला! हा पोपट बघा, हे केळफूल बघा, तुमच्या वाड्याला कुठला पाहिजे बोला. शोरूम होती वो ती.

तळखडा | ११ ऑगस्ट, रात्री १०:२२

पागा म्हणणारा मीच, कान धरतो.

त्या पाटलीवरच्या खाचा मोजल्या का? मोठ्या खाचेपासून मोठ्या खाचेपर्यंत.

जुनंदार | ११ ऑगस्ट, रात्री १०:५०

आत्ता बॅटरी घेऊन मोजून आलो, बायको म्हणाली डोकं फिरलंय. चोवीस.

तळखडा | ११ ऑगस्ट, रात्री १०:५५

गज. चोवीस तसूंचा एक गज. सुतार-गवंडी आधी फुटानं नाही, गज आणि तसूनं मापायचे. त्यानं आपलं माप उंबऱ्यालगतच कोरून ठेवलंय, लाकूड आणलं की तिथंच आडवं टाकून खूण करायची. त्याची लांबी फुटपट्टीनं मोजून पाठवा, पेठेपेठेत गज थोडा बदलायचा. आणि देवाशप्पथ त्या पाटलीवर टाइल बसवू नका.

घरफाळा | १२ ऑगस्ट, सकाळी ६:१५

छान काम केलंत. म्हणजे क्रम असा लागला, सुतारानं बांधलं, सावकाराकडं गहाण पडलं, सुटलं नाही, सावकारानं वैद्यांना भाड्यानं दिलं, वारसांनी तुमच्या आजोबांना विकलं. बांधणारा, कागदावरचा आणि नावाचा, तिघं वेगळे. बोळातली, सासऱ्यांना सांगा ट्रंकेत कडुनिंबाचा पाला टाका आणि कागदाला प्लास्टिकमध्ये कोंडू नका, सुती फडक्यात ठेवा.

परड्यातली_जाई | १२ ऑगस्ट, सकाळी १०:३०

सुतार कशापायी गहाण टाकून बसला असेल बिचारा. पोरीचं लग्न, नाहीतर प्लेग. माझी आजी सांगायची प्लेगात अख्खी पेठ ओस पडायची, लोक माळावर झोपड्या बांधून राहायचे, कामं बंद, हातावरचं पोट असणाऱ्यांनी करायचं काय.

वैद्यांना तरी ठाऊक असेल का आपण कुणाच्या सोप्यात बसलोय ते.

जुनंदार | ९ ऑक्टोबर, रात्री ८:४०

मंडळी धागा वर काढतोय. पाऊस उघडलाय, मिस्त्री कामाला यायला तयार आहे आणि एकच प्रश्न अडलाय. तो चौथा हस्त, भुगा झालेला, त्याच्यावर नक्षी काय होती काही समजत नाही. नवा बसवायचा तर कुठला करू? पोपट, केळफूल की घोडा? बायको म्हणते मोर करा, मिस्त्री म्हणतो गणपती करा, शंभर टक्के चालतंय.

भावा_पेठेतला | ९ ऑक्टोबर, रात्री ८:५२

केळफूल. सोपं पडतंय, पैसे कमी. (आमच्या एकोणीस सह्या झाल्या.)

परड्यातली_जाई | ९ ऑक्टोबर, रात्री ९:३५

थांब रे. तो दाराजवळचा ना, डाव्या हाताचा? त्याला नक्षी नव्हतीच. वैद्य त्याला काढ्याच्या पुड्यांची पिशवी अडकवायचे, खिळा होता मोठा. मी आईच्या कडेवरनं रोज बघितलाय, अगदी सपाट होता. बाकीच्या तिघांवर रंग असला तरी उंचवटे दिसायचे, पोपटाच्या चोचीला तर आम्ही हात लावायला धडपडायचो. त्याला काहीच नव्हतं.

तळखडा | ९ ऑक्टोबर, रात्री ९:४८

मग कोराच करा.

जुनंदार | १० ऑक्टोबर, रात्री ९:१०

मिस्त्रीला सांगितलं कोरा करायचाय. मला वाटलं खूश होईल, काम कमी. तर म्हणतो, "सायेब, नक्षीत गाठ लपती, कोऱ्यात लपत न्हाई. लाकूड एक नंबर लागंल." म्हणजे खर्च वाढलाच.

आता जुनं सागवान पाहिजे, पाडलेल्या वाड्यातलं चालेल, सहा इंच बाय आठ इंच, तीन फुटाच्या वर लांब, गाठ नसलेलं. शनिवारी बघायला निघणार आहे. कुणाला ठिकाण माहीत असेल तर सांगा, आणि भावा, तुमच्यातल्या राहिलेल्या दोन सह्या झाल्या की आधी मला फोन कर.